रात्री दार कुणाचं वाजवायचं?

मैत्रिणींनो, चूक कबूल करायला थोडा वेळ लागतो. मला दोन वर्षं लागली. म्हणून आज आधी चूक सांगते, मग जामखेडची गोष्ट.

आमच्या भागात नदीकाठाला एक वस्ती आहे. पत्र्याची घरं, दोन घरांमधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट, पाणी सकाळी तासभर. तिथल्या बहुतेक बायका आसपासच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करतात, काहीजणी कचरा वेचतात. आमच्या महिला मंडळानं तिथं आरोग्य शिबिर घ्यायचं ठरवलं. पावसाळा तोंडावर होता, म्हणून विषय घेतला लहान मुलांचे जुलाब. भाषण मीच केलं. मोठमोठी चित्रं नेली होती. हात कसे धुवावेत, पाणी कसं उकळावं, जुलाब लागले की जलसंजीवनी कशी द्यावी, सगळं नीट समजावून सांगितलं. शेवटी प्रत्येकीला दोन-दोन पाकिटं वाटली. फोटो काढले. पोहे खाल्ले. घरी येताना वाटलं, चला, एक चांगलं काम झालं!

पंधरा दिवसांनी कळलं, शिबिरात पहिल्या रांगेत बसलेल्या एका मुलीचं दीड वर्षाचं बाळ दवाखान्यात आहे. दोन दिवस जुलाब होत होते. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तेव्हा कुठे रात्री रिक्षा करून नेलं. सलाईन लागलं. देवाच्या दयेनं बाळ वाचलं. मी भेटायला गेले. तिच्या घरी देव्हाऱ्यामागे मी दिलेली दोन्ही पाकिटं तशीच होती, न फोडलेली. सासूनं सांगितलं होतं, पाणी पाजलं की जुलाब वाढतात, म्हणून तिनं पाणीसुद्धा तोडलं होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मी एवढं सांगितलं होतं ना?"

ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, तुमी सांगितलं, पण तुमी गेल्या घरी. रात्री मला काय बी सुचंना. कुनाला इचारू? कुनाचं दार वाजवू?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगते, त्या रात्री जेवणही गेलं नाही.

मावशींनी सांगितलेली गोष्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला मावशी आल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय झालं वहिनी?" मी सगळं सांगितलं. मावशींचं माहेर जामखेड तालुक्यातलं. लग्नानंतर दुष्काळात कामासाठी नवऱ्याबरोबर पुण्यात आल्या त्या इथल्याच झाल्या. भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "आमच्या गावात असं न्हाई व्हायचं. आमच्याकडं बाई हुती."

"कसली बाई? नर्स?"

"नर्स कशाची! आंगठाबहाद्दर. गावाभाईरच्या वस्तीतली, नवऱ्यानं टाकल्याली. पर डागदरांनी शिकवल्याली. मी आठ-धा वर्षांची असंन तवा."

मग हातातलं काम टाकून त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती मी इथं माझ्या शब्दांत सांगते. सुरुवातीला गावातल्या मोठ्या घरांनी त्या बाईला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "ही काय आम्हाला शिकवणार?" म्हणून बायका हसायच्या. ती दारात उभी राहून विचारायची, पोराला गोवर-बिवर आला का, सुनेला कितवा महिना. एके वर्षी ऐन पावसात गावातल्या एका मोठ्या घरची सून अडली. ओढ्याला पाणी आलेलं, बैलगाडी पलीकडे जाईना. शेवटी त्या घरच्या माणसानंच कंदील घेऊन हिचं दार वाजवलं. ही आली. आधी हात धुतले, मग ब्लेड उकळायला टाकली. पहाटे मुलगा झाला, बाळबाळंतीण सुखरूप. त्यानंतर तिला कुणी दारात उभं केलं नाही. मावशींच्या शब्दांत, "आदी दारात, मग वसरीवर, मग माजघरात!"

मी विचारलं, "कोण होते हे डॉक्टर?"

"आरोळे डागदर. नवराबायको दोगं बी डागदर. किरिस्ताव व्हते."

राहुरीचे डॉक्टर, जबलपूरच्या डॉक्टरीण

मिशनरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लांब झग्यातला गोरा पाद्री यायचा, नाहीतर कॉन्व्हेंटच्या कडक सिस्टर. डॉ. रजनीकांत आरोळे आपल्या राहुरीचे. डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. हे कॉलेज ज्यांनी काढलं त्या डॉ. आयडा स्कडर यांची कथाही बायकांच्या जिव्हाळ्याची आहे. पुरुष डॉक्टर चालत नाही म्हणून एकाच रात्री तीन बाळंतिणी गेल्या, ते पाहून या मिशनरीच्या मुलीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि पुढे १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली.

आरोळे दांपत्यानं लग्नाच्या वेळीच गरीब खेड्यांत काम करण्याचा निश्चय केला होता. साठीच्या दशकात ते नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. दिवसरात्र राबायचे. पण हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की येणारे बहुतेक आजार मुळात व्हायलाच नको होते. आज जुलाबाचं पोर बरं करून पाठवावं, तर महिन्यानं तेच पोर पुन्हा दारात. कारण गावातलं पाणी तेच, घरातली उपासमार तीच आणि आईचं अज्ञानही तेच. मग दोघं अमेरिकेला गेले, तिथं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत आले ते मोठ्या शहरात नाही, तर १९७० साली जामखेडला. तेव्हाचं जामखेड म्हणजे कायमचा दुष्काळी टापू. तिथं त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

पहिली गंमत अशी झाली, की डॉक्टरांनी गावोगावी शिकलेल्या नर्स ठेवायचं ठरवलं, तर ते जमेना. परक्या गावात एकटी तरुण मुलगी कशी राहणार? गावातल्या बायकाही तिच्याशी मोकळ्या होईनात. तेव्हा विचार पुढे आला, की बाहेरून कुणी आणण्यापेक्षा गावातलीच एखादी बाई का शिकवू नये? लेकरं बाळं असलेली, गावानं निवडलेली. अक्षरओळख नसली तरी चालेल. अशा तयार झाल्या आरोग्यसेविका. त्यांतल्या कितीतरी दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्यानं सोडलेल्या होत्या. म्हणजे ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं, त्याच!

एका गोधडीखाली

हे ऐकल्यावर मला राहवेना. यजमानांना म्हटलं, दोन दिवस डब्याची सोय करा. वाकडेवाडीहून नगरची एसटी धरली, नगरहून जामखेडची. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीतल्या बायकांच्या तोंडी अजून नगरच. डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. त्यांच्यामागे त्यांची मुलगी डॉ. शोभा आरोळे यांनी काम पुढे नेलं. मला भेटल्या त्या एक जुन्या सेविका, सत्तरी पार केलेल्या, हिरवी नऊवारी नेसलेल्या. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही.

त्या सांगत होत्या, आठवड्यातले दोन दिवस शिकायला जामखेडला यायचं. घरून भाकरी बांधून आणायची. पहिल्या पहिल्यांदा प्रत्येकीनं आपापल्या जातीचा कोपरा धरला. तुझ्या भाकरीला माझी भाकर लागायला नको! डॉक्टरांनी भाषण दिलं नाही. जेवायला सगळ्या एकत्र, आणि थंडीत झोपायला एकच भली मोठी गोधडी. "गोधडीच येक, मंग करता काय? मधी कोन झोपलं, कडंला कोन, अंधारात कुनाला दिसतंय!" असं म्हणून आजी खळखळून हसल्या.

शिकवण्याची रीतही तशीच. आधी विचारायचं, तुमच्याकडे या दुखण्याला काय म्हणतात, त्यावर काय करतात. देवी कोपली म्हणून गोवर येतो, गरोदर बाईला कमी खायला द्यावं म्हणजे बाळ लहान राहतं आणि सुटका सोपी होते, असं सगळं त्या बोलून दाखवायच्या. त्याला कुणी हसायचं नाही. मग एकेक गोष्ट उलगडून, करून बघायची. स्वतःला पटलं की मगच गावात सांगायचं. मला माझी मोठमोठी चित्रं आठवली. मी कुणालाच काही विचारलं नव्हतं. ती सासू, पाणी तोडायला सांगणारी, ती तर शिबिरातच नव्हती.

डॉक्टरांचं काम दवाखान्यापुरतं नव्हतंच. गावात गाडी गेली की आधी तरुण पोरांबरोबर व्हॉलीबॉल, मग गप्पा, मग कामाचं. त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली, नंतर महिला मंडळं. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी सांगितलं, औषध नंतर, आधी पाणी आणि लेकरांना खायला द्या. मग कूपनलिका घेतल्या, मुलांसाठी जेवणाची सोय झाली. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवले. पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथंच जावं लागलं. हंडा भरताना रांग लागली, रांगेत बोलणं झालं. जातीविरुद्ध मोर्चा न काढता केलेली ही युक्ती मला फार आवडली. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढण्याऐवजी त्याच्या घरीच औषध देण्याचं कामही याच बायकांनी केलं.

आकडा एकच सांगते. १९७१ साली या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. १९९९ पर्यंत हा आकडा तीसच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मभूषण. आज आपल्या गावात जी आशाताई दारोदार फिरते, ती योजना सरकारनं २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात आणली. गावातल्याच बाईला शिकवून गावाचं आरोग्य तिच्या हाती द्यायचं, हे जामखेडनं त्याआधी पस्तीस वर्षं करून दाखवलं होतं.

"पण ते बाटवतात ना?"

परत आल्यावर मंडळात हे सगळं सांगितलं. आमच्यातल्या एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "चांगलं आहे गं, पण त्या ख्रिश्चनांचं काही सांगू नकोस. सेवा करतात आणि मग बाटवतात."

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. माझ्याही होता, म्हणून झटकून टाकत नाही. मिशनरी धर्माचा प्रसार करायला इकडे आले, हे खरंच आहे. धर्मांतरंही झाली. आपल्या पुण्याला तर त्याची जुनी जखम आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा १८९३ मध्ये गदारोळ उठला. रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. लोकांचा राग समजू शकतो. आपली लेक आपल्या घरापासून तुटेल ही भीती खोटी नव्हती.

पण त्याच शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी त्याच १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, आणि त्या आपल्या बाया कर्वे झाल्या. पुढे दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून दौंडजवळच्या केडगावला घेऊन आल्या. तिथं मुक्ती मिशन उभं राहिलं. विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, छापखाना काढला आणि तो मुलींनी चालवला. अंध बायकांनाही हाताला काम दिलं. रमाबाईंना कुणी काही म्हणो, पण त्या मुलींना त्या वेळी दुसरं कुणी घेऊन गेलं नाही, हेही आपण प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे.

आणखी मागे जा. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई १८२७ मध्ये एकट्या मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींना शिकवत राहिल्या. त्यांची शाळा जोतिबांनी पाहिली. आपल्या सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही नगरला मिस फरार यांच्याकडे. सावित्रीबाईंनी धर्म बदलला नाही. त्यांनी विद्या घेतली आणि आपल्या पद्धतीनं आपल्या लेकींना वाटली.

मी मावशींना सरळ विचारलं, "मावशी, तुमच्या त्या बाईला ख्रिस्ती केलं का हो?"

मावशी म्हणाल्या, "कशाचं वहिनी! ती तर वारीला जायाची. मंडळी म्हनायची, माळकरीन आली, आता औषिद गोड लागंल." आरोळे डॉक्टरांनी आपली येशूवरची श्रद्धा लपवली नाही, पण औषधासाठी आणि शिकण्यासाठी कुणाला तिची अटही घातली नाही. सेवेच्या बदल्यात श्रद्धा मागितली तर तो व्यवहार झाला, मग मागणारा कुठल्याही धर्माचा असो. तशी मागणी केली का, एवढंच आपण बघावं असं मला वाटतं. काकू काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या बैठकीला आल्या.

आमची निवड, वस्तीची निवड

आता आमच्या वस्तीचं. आम्ही ठरवलं, वस्तीतल्याच एका बाईला तयार करायचं. आमच्या मंडळानं निवडली एक दहावी झालेली, नीटनेटकी, चटपटीत मुलगी. वही घालता येईल, आकडे लिहिता येतील! मी म्हटलं, आपण नको, वस्तीलाच विचारू. शनिवारी संध्याकाळी बायका जमल्या. या वेळी सासवांनाही बोलावलं. अर्धा तास कलकलाट झाला आणि नाव आलं एका कचरा वेचणाऱ्या बाईचं. चाळिशीची, सही पुरती येणारी, तोंडाची फटकळ. आमच्यातल्या दोघींनी नाकं मुरडली. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, "ती दहावीची पोरगी उद्या लग्न करून जाईल. हिच्या घरात रात्री दोन वाजता गेलं तरी ही कुरकुरत का होईना, उठती."

पहिले तीन महिने सोपे गेले नाहीत. तिनं एकदा चक्क मला झापलं, "तुमी पाकिट पाकिट करता, पन पाकिट संपल्यावं काय?" मग आम्ही दोघी तिच्याच घरी, तिच्याच भांड्यात जलसंजीवनी करून बघितली. एक लिटर स्वच्छ, उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि परत करायचं. ही 'अश्रूं'ची खूण तिला बरोबर लक्षात राहिली. बाळाला अंगावर पाजणं थांबवायचं नाही, चमच्या-चमच्यानं पाणी देत राहायचं. आणि बाळ मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचातून रक्त गेलं, तर वाट न बघता दवाखाना. एवढं तिनं घरोघर जाऊन, आधी सासवांना आणि मग सुनांना, करून दाखवलं.

दोन पावसाळे झाले. वस्तीतले सगळे प्रश्न सुटले असं मी म्हणणार नाही. पाणी अजून तासभरच येतं, गटार उघडंच आहे. मधे ती स्वतः आजारी पडली तेव्हा काम महिनाभर बंद होतं. तिला महिन्याला जे मानधन देतो ते फारच तुटपुंजं आहे, आणि एवढ्यात तिला किती दिवस राबवायचं, याचं उत्तर मंडळाकडे अजून नाही. जामखेडच्या बायकांना छोट्या उद्योगांना मदत मिळाली होती. आम्हालाही तिकडे वळावं लागेल.

पण गेल्या श्रावणातली गोष्ट. तीच मुलगी, जिचं बाळ दवाखान्यात होतं, तिला दुसरं झालंय. रात्री बाराच्या सुमारास त्याला जुलाब सुरू झाले. सकाळी मला फोन आला तो हे सांगायला, की बाळ आता दूध पितंय. रात्री ती फटकळ बाई तीन तास तिच्या उशाशी बसून चमच्या-चमच्यानं पाणी पाजत होती. आणि भांडं धरून बसली होती कोण, तर सासू!

मी म्हटलं, "मला रात्री का नाही सांगितलंस?"

"कशाला ताई?" ती म्हणाली. "तुमी लांब राहता. अन हिचं दार हाय की शेजारी."